लग्न छोटं, गाव जुनं

भाचीचा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो, हातात अळूच्या दोन जुड्या. "मामा, लग्न पुण्यातच करायचं ठरलंय. पेठेत, एखाद्या जुन्या वाड्यात. फक्त पन्नास माणसं." ती बंगळूरला नोकरी करते, मुलगा कोचीचा. तिचं पुणं म्हणजे आजोळ, मे महिना आणि तुळशीबागेतली भातुकली. मला आनंद झाला. पण घरी येऊन अळूची देठं सोलताना तो 'फक्त' डोक्यात घोळत राहिला. फक्त पन्नास म्हणजे नक्की काय कमी होणार होतं, आणि कुणासाठी?

छोट्या लग्नाचं हल्ली फार कौतुक चालतं. छोटं म्हणजे साधं, साधं म्हणजे सुसंस्कृत, आणि तेही जुन्या गावात केलं तर संस्कृतीचं रक्षण. ही साखळी मला पटत नाही. छोट्या लग्नांना माझा विरोध नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली, तेव्हा आमच्या ओळखीत तीन लग्नं तशी लागली आणि तिन्ही संसार ठणठणीत चालू आहेत. त्याही आधीपासून आपल्याकडे 'यादी पे शादी' आहेच. देण्याघेण्याची यादी करायला पाहुणे जमले, सगळं जुळलं, त्याच मांडवात अक्षता टाकल्या, विषय संपला. खर्च वाचवायचा म्हणून गावोगाव हे होत आलं आहे आणि त्याला कुणी कधी इंग्रजी नाव दिलं नाही.

पुण्याला तर याहून मोठा वारसा आहे. सत्यशोधक समाज स्थापन झाला २४ सप्टेंबर १८७३ रोजी, आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, सावित्रीबाईंच्या पुढाकारानं सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं लग्न पुरोहिताशिवाय लागलं. त्या लग्नाचा साधेपणा म्हणजे हौस नव्हती, भूमिका होती. याच गावात त्याच्या नव्वद वर्षं आधी, १७८३ साली, सवाई माधवरावाचं लग्न झालं होतं. नवरदेव अवघा आठ-नऊ वर्षांचा आणि नाना फडणविसांनी त्या सोहळ्याच्या बारीकसारीक बंदोबस्ताच्या लेखी यादी काढलेल्या. म्हणजे दौलतीच्या लग्नाचीही यादीच, आणि पाहुण्यांपुढं जमलेल्या साध्या लग्नाचीही यादीच. यादीत किती नावं आहेत याला मग फारसा अर्थ उरत नाही. यादी कोण करतं आणि तिचा भार कुणावर पडतो, हे बघायला हवं.

भार म्हणजे काय ते व्हेनिसकडे पाहिलं की कळतं. जून २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी तिथं लग्न केलं. पाहुणे साधारण दोनशे. आपल्याकडे दोनशे पानं म्हणजे साखरपुडा. तरीही गावकरी रस्त्यावर उतरले, पुलांवर फलक लागले, आणि शेवटच्या मेजवानीची जागा बदलून ती आर्सेनाले या जुन्या गोदीच्या तटबंदीआड न्यावी लागली. लोकांचा राग दोनशे माणसांवर नव्हता. १९५०च्या सुमारास पावणेदोन लाख वस्ती असलेल्या जुन्या व्हेनिसमध्ये आता पन्नास हजारही माणसं राहत नाहीत. उरलेल्यांना वाटतं, की आपलं गाव आता राहण्यासाठी नाही, भाड्यानं देण्यासाठी आहे. गंमत अशी, की त्याच व्हेनिसची नगरपालिका रिआल्टो पुलाजवळच्या पलाझ्झो काव्हाल्ली नावाच्या जुन्या प्रासादात, ग्रँड कॅनॉलच्या काठावर, रीतसर नोंदणी विवाह लावते. तिथं लग्न करून लोक बाहेर पडतात तेव्हा पुलावरचे लोक टाळ्या वाजवतात. गाव तेच, लग्नंही छोटीच, पण एकात गाव यजमान आहे आणि दुसऱ्यात नुसता पडदा.

पडदा म्हणजे काय ते बघायला व्हेनिसला जायची गरज नाही. आमच्या गल्लीत एक जुना वाडा आहे, अजून राहता. दिंडीदरवाजा, त्यावर झिजलेला गणपती, बाहेर दगडी ओटा. त्या ओट्यावर सकाळी एक आजोबा पेपर वाचत बसतात. वय नव्वदीकडे. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिथं प्रीवेडिंगचं शूटिंग आलं. मुलीला नऊवारी, मुलाला पगडी, दोघांच्या मागं एक मुलगा पांढरी छत्री घेऊन उभा. कॅमेरावाला आजोबांना अगदी गोड आवाजात म्हणाला, "आजोबा, जरा आत बसता का? फ्रेममध्ये येताय." आजोबा पेपरची घडी करून आत गेले. स्वतःच्या दारातून, स्वतःच्या घरात. त्या फोटोला लाइक किती मिळाले मला माहीत नाही. वाडा मात्र त्यात नक्कीच फार सुंदर आला असेल, माणसाशिवाय.

आणि एक लग्न मी आतून पाहिलं आहे. जुन्या वाड्याचं केलेलं समारंभस्थळ, माणसं सत्तरच्या आसपास. चौकात एक दगडी हौद होता. कात्रजच्या तळ्यातून पेशव्यांच्या काळी जमिनीखालच्या नळानं पेठांत पाणी आलं, त्या पाण्याचा. सजावटवाल्यांनी तो हौद कापडी गुलाबांनी भरला. सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबांना मोगऱ्याच्या माळा हव्या होत्या, त्यासाठी सागवानात खिळे ठोकले. मी मोजले, एका खांबाला अकरा. मुलाकडच्या एका पोक्त बाईंनी विचारलं, "दोऱ्यानं नाही का बांधता यायचं?" पोरगा म्हणाला, "काकू, दोरी फोटोत दिसते." जेवणात मसालेभात उत्तम होता, मठ्ठाही. पण मला घास उतरेना. माझा स्वभाव असा आहे हे घरचे सांगतीलच.

सहाशेचं लग्न साठावर आणलं की खर्च कमी होतो, हा तर निव्वळ भ्रम. वाढप्यांचे, आचाऱ्यांच्या हाताखालच्या बायांचे, बँडवाल्यांचे पैसे कमी होतात. ते पैसे फुलांच्या भिंतीकडे, ड्रोनकडे आणि चार कॅमेऱ्यांकडे जातात. कार्यालयातली पंगत म्हणजे निदान वीस-पंचवीस घरांची त्या दिवसाची चूल होती.

याहून मला खुपतं ते यादीचं राजकारण. बहीण, मेव्हणे, भाची आणि मी असे एका रविवारी कागद घेऊन बसलो. पन्नासाच्या आत यायचं म्हणजे कुणाला वगळायचं? पहिलं नाव गेलं ते साताऱ्याच्या मावसमामांचं, कारण "त्यांचं तसं येणंजाणं नाही". खरं कारण बहिणीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मामा अजून एसटीनं येतात, आणि पाकिटात एकशे एक घालतात. दुसरं नाव गेलं लहानपणी भाचीला सांभाळणाऱ्या बाईंचं. मेव्हण्यांच्या ऑफिसातले साहेब मात्र टिकले, सपत्नीक. 'जवळची माणसं' या शब्दाची व्याख्या कागदावर येते तेव्हा ती फार लवकर वरच्या मजल्याकडे सरकते. मोठ्या लग्नाच्या शंभर वाईट गोष्टी असतील, पण गरीब नातेवाईक त्यात गर्दीबरोबर आत येऊ शकायचा. छोट्या लग्नाचं दार त्याच्या तोंडावरच लागतं, आणि वर आपण त्याला जिव्हाळा म्हणतो.

आता इथं कुणी विचारेल, मग काय, सगळ्या पुण्याला बोलवायचं? नाही. मला वाटतं, जुन्या गावात लग्न करायचं तर आधी त्या गावाशी आपलं नातं काय, हे सांगता यायला हवं. आपल्या रूढीत याची सोय आहे, फक्त आपण तिचा अर्थ विसरलो. सीमांतपूजन. आता ते कार्यालयाच्या एसी हॉलमध्ये, खुर्चीवर बसून, पंधरा मिनिटांत उरकतं. पण शब्द बघा. सीमा, वेस. वऱ्हाड परगावाहून आलं की वेशीवर थांबायचं. गावातली माणसं सामोरी जायची, पाय धुवायची, मग वाजतगाजत आत आणून जानोशाला उतरवायची. बाहेरच्यानं थांबायचं आणि गावानं बोलवायचं, असा तो व्यवहार होता. लग्नाची पहिली अक्षतही ग्रामदैवताला. पुण्यात अजून कसबा गणपतीपुढं पहिली पत्रिका ठेवतात.

आणि योगायोग म्हणा, कायद्यालाही वेस ठाऊक आहे. भाचीचं नोंदणी लग्न ज्याखाली लागायचं होतं, तो १९५४चा विशेष विवाह कायदा सांगतो, की नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं. मग नोटीस, मग आणखी तीस दिवस थांबणं. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. भाचीला हे कळलं तेव्हा ती वैतागली. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुटी, एवढंच तिच्या हिशेबात होतं. म्हणाली, "मामा, हा काय जाच आहे?" माझ्या मते तो जाच नाही. शुक्रवारी उतरून रविवारी निघून जाणाऱ्या लग्नांच्या जमान्यात, 'ज्या गावात लग्न करायचं तिथं महिनाभर राहा' ही अट मला फार शहाणी वाटते. नोटीस भिंतीवर लावण्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. घरच्यांच्या विरोधात, जातीबाहेर वा धर्माबाहेर लग्न करणाऱ्या पोरांच्या जिवावर ती बेतते. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये ती प्रसिद्ध करणं जोडप्याच्या मर्जीवर सोडलं, ते योग्यच झालं. राहण्याची अट वेगळी आणि चव्हाट्यावर नाव लावणं वेगळं.

याच कायद्यात एक कलम आहे, ज्याकडे पालिकेनं पाहावं असं मला कळकळीनं वाटतं. बाराव्या कलमानुसार विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातच लग्न लागलं पाहिजे असं नाही. वाजवी अंतरावरच्या, जोडप्याला हव्या त्या ठिकाणी, ठरलेलं जादा शुल्क भरून ते लावता येतं. तीन साक्षीदार हवेत, आणि दोघांनी एकमेकांना उद्देशून एक वाक्य म्हणायचं. लग्न झालं. मग ही वाजवी अंतरावरची जागा विश्रामबागवाड्याचा चौक का असू नये?

हे म्हटलं की लोक दचकतात, आणि दचकायला कारण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले पंचवीसेक किल्ले हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी भाड्यानं देण्याचं धोरण बाहेर आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. शिवकालीन किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या गदारोळात मीही होतो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. केंद्राच्या १९५९च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकात स्वागतसमारंभ वा मेजवानी लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. शनिवारवाडा त्यात येतो, आणि तो तसाच राहावा. पण विश्रामबागवाडा पालिकेच्या मालकीचा आहे, आणि तो कधीच नुसता बघायचा वाडा नव्हता. दुसऱ्या बाजीरावानं राहायला बांधला. १८२१ साली तिथं इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. पुढं पालिकेचा कारभारही कैक वर्षं तिथून चालला. खालच्या मजल्यावर पोस्ट, जिथं मी मनीऑर्डरी केल्या आहेत. ती वास्तू लोकांच्या वापरानं जगली आहे. कुलपानं लाकूड टिकत नाही. वाळवीला कुलूप फार आवडतं.

माझं म्हणणं मोजकं आहे. पालिकेनं आपल्या ताब्यातल्या एकदोन जुन्या वास्तूंमध्ये, आठवड्यातला एखादा दिवस, सकाळी दहा ते दुपारी दोन, नोंदणी विवाहाला जागा द्यावी. सही करायची, चार शब्द बोलायचे, पेढे वाटायचे, निघायचं. जेवण दुसरीकडे. ध्वनिक्षेपक नाही, खिळा नाही, सजावट म्हणजे दारात रांगोळी. माणसांची मर्यादाही जिव्हाळ्यावरून ठरवू नये, तुळयांवरून ठरवावी. दोनशे वर्षांच्या सागवानी पाटणीवर किती माणसं उभी राहू शकतात हे इंजिनिअरला विचारावं आणि तो सांगेल त्याच्या निम्मी घ्यावीत. शुल्क सगळ्यांना एकच आणि परवडणारं. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे बिल्डरच्या मुलीला आणि बस कंडक्टरच्या मुलीला एकाच डब्यात हात घालावा लागेल. जमलेला पैसा त्याच वास्तूच्या डागडुजीला.

आणि होम नाही. यावर माझं आणि बहिणीचं भांडण झालं. "अग्नीशिवाय लग्न कसं?" पण या गावाला लाकडी वाडे आणि आग यांचा अनुभव आहे. शनिवारवाडा १८२८च्या फेब्रुवारीत पेटला, तो कित्येक दिवस जळत होता. आज आपण पाहतो ती तटबंदी आणि जोती. १८७९ साली बुधवार वाडा आगीत गेला, विश्रामबागवाड्याचाही भाग त्याच आगीत जळाला. सप्तपदी देवळात करावी, घरी करावी, कार्यालयात करावी. वाड्यात फक्त शाई.

आक्षेप मला ठाऊक आहेत. आज चार तास, उद्या आठ, परवा एखाद्या नगरसेवकाच्या पुतण्याचं रिसेप्शन. ही भीती खोटी नाही. पालिकेच्या नियमांचं पुढं काय होतं हे पुण्यातल्या फुटपाथवरून चालणाऱ्याला मी काय सांगणार. म्हणूनच नोंदणी विवाहालाच जागा द्यावी, इतर कशालाही नाही, वाढदिवसालाही नाही, पुस्तक प्रकाशनालाही नाही. विवाह अधिकारी हजर असल्याशिवाय कार्यक्रम होऊच शकत नाही, हे त्यातलं खरं कुलूप आहे. सरकारी माणूस दुपारी दोननंतर थांबत नाही, या एका गोष्टीवर माझा पूर्ण भरवसा आहे.

दुसरा आक्षेप माझ्या एका मित्राचा. तो म्हणतो, पेठेत गाड्या लावायला जागा नाही, तिथं लग्नं कशाला? त्याला मी मंडईच्या मेट्रो स्थानकाचं नाव सांगितलं. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावते, आणि मंडईत वर आलं की विश्रामबागवाडा पायी पाच-सात मिनिटांवर. वऱ्हाडानं चालत जावं. पूर्वीही जातच होतं.

भाचीचं शेवटी काय झालं? ती आली. लॅपटॉप घेऊन, घरून काम करायची परवानगी काढून, आमच्याकडे राहिली. आधीचे तीस दिवस, मग नोटिशीचे तीस. पहिल्या आठवड्यात तिला रात्री गल्लीतल्या कुत्र्यांनी झोपू दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दूधवाल्यानं तिला "ताई, आज अर्धा की एक?" असं विचारायला सुरुवात केली. समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंनी केळवण केलं, मग त्यांच्या शेजारणीनं केलं, मग पोळ्यांना येणाऱ्या बाईंनी स्वतःच्या घरी, जनता वसाहतीत, पुरणपोळी खाऊ घातली. कोचीचा मुलगा दर पंधरा दिवसांनी यायचा. त्याला ओट्यावरच्या आजोबांनी पेपर वाचायला बसवलं. त्याला मराठी येत नाही आणि आजोबांना ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

लग्न सकाळी कचेरीत लागलं. दुपारचं जेवण गल्लीतल्याच एका छोट्या हॉलमध्ये, टेबलं न मांडता, पंगतीनं. आदल्या रात्री भाची यादी घेऊन बसली होती. पन्नासाची तिनं केव्हाच बहात्तर केली होती. वरती साताऱ्याचे मामा होते, सांभाळणाऱ्या बाई होत्या, जोशीकाकू होत्या. साहेबांच्या नावापुढं प्रश्नचिन्ह. मग तिनं पेन उचललं आणि अगदी खाली लिहिलं, 'ओट्यावरचे आजोबा.' जरा थांबून मला विचारलं, "मामा, त्यांचं आडनाव काय रे?"

मला सांगता आलं नाही. चाळीस वर्षं मी त्यांना नमस्कार करतोय. चपला घातल्या आणि विचारायला गेलो.